विश्लेषण : काच तडकते, मग काचेच्या धाग्यांचे विमान उडते कसे? तड्याचा हिशेब मांडणाऱ्या ग्रिफिथ यांची गोष्ट

गोंदिया शहराजवळच्या बिरसी विमानतळावरून उडणारी छोटी पांढरी विमाने जिल्ह्यातल्या लोकांच्या सवयीची झाली आहेत. भावी वैमानिकांच्या सरावाची ही विमाने दिसायला पत्र्याची वाटतात, पण ती पत्र्याची नाहीत. काचेच्या आणि कार्बनच्या धाग्यांचे कापड, त्यावर रेझिन, पुन्हा कापड, पुन्हा रेझिन अशा थरांनी त्यांचे अंग घडलेले आहे. हातातून पडली की फुटणारी काच विमानाचे पंख कसे पेलते? आणि असा पदार्थ तुटतो तेव्हा कुठून तुटतो? या प्रश्नांच्या मुळाशी गेले की ॲलन आर्नल्ड ग्रिफिथ हे नाव समोर येते. या ब्रिटिश इंजिनीअरने शंभर वर्षांपूर्वी तड्याचे गणित मांडले, पण ते काम त्यांना अर्ध्यावर सोडावे लागले. त्यांचे आयुष्य आणि त्यांनी मागे ठेवलेला हिशेब, दोन्हींविषयी जाणून घेऊ या.

बिरसीच्या विमानांत वेगळे काय आहे?

बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. आज तिथे भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांच्या भागीदारीतील राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे. संस्थेच्या ताफ्यात एका इंजिनाचे डीए-४० आणि दोन इंजिनांचे डीए-४२ ही विमाने आहेत. ती डायमंड या मूळच्या ऑस्ट्रियन कंपनीची. ग्लायडर बनवता बनवता ही कंपनी प्रशिक्षण विमानांकडे वळली. ग्लायडरला इंजिनाचे बळ नसते, त्यामुळे वजन कमी आणि पृष्ठभाग गुळगुळीत हवा. धागे आणि रेझिन यांच्या थरांतून हे दोन्ही साधते.

या पदार्थाला इंजिनीअर ‘कॉम्पोझिट’ म्हणतात. शब्द नवा असला तरी कल्पना गोंदियाला नवी नाही. भाताचे तणस मातीत तुडवून लिंपलेली भिंत हे कॉम्पोझिटच. नुसती माती वाळली की भेगाळते. तणस असले की भेग काडीपाशी येऊन थबकते. बांबू तर निसर्गाने घडवलेले कॉम्पोझिट आहे. त्यात लांब, चिवट तंतू आहेत आणि त्यांना धरून ठेवणारा मऊ भाग आहे. बुरूड कामट्या काढतो तेव्हा कोयत्याच्या एका घावात बांबू उभा चिरत जातो, पण आडवा तोडायला दमछाक होते. एका दिशेने पोलाद, दुसऱ्या दिशेने पापड, असा हा स्वभाव आहे. विमानाच्या पंखातही हाच स्वभाव असतो.

ग्रिफिथ कोण होते?

ॲलन आर्नल्ड ग्रिफिथ यांचा जन्म १३ जून १८९३ रोजी लंडनमध्ये झाला. वडील जॉर्ज ग्रिफिथ हे त्या काळचे गाजलेले विज्ञानकथा लेखक. उडत्या युद्धनौकांची कल्पना रंगवणारी त्यांची कादंबरी मुलाच्या जन्माच्याच वर्षी आली. राइट बंधूंचे विमान उडायला तेव्हा दहा वर्षे अवकाश होता. १९०६ मध्ये वडील वारले तेव्हा ॲलन जेमतेम १२ वर्षांचे होते.

आयल ऑफ मॅन बेटावर शाळा आणि लिव्हरपूल विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनीअरिंग असे त्यांचे शिक्षण झाले. १९१४ मध्ये पदवी हाती आली आणि त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. १९१५ मध्ये ते फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत दाखल झाले. पुढे तिचेच नाव रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट झाले. त्या वेळची विमाने लाकूड, कापड आणि तारा यांची होती. ती शत्रूच्या गोळीने पडत, तशी आपली आपणही तुटून पडत. त्यामुळे कोणता भाग किती भार सोसेल हा प्रश्न थेट वैमानिकाच्या जिवाशी भिडलेला होता.

‘बबल’ हे टोपणनाव कसे पडले?

इंजिनाचा दांडा पिळला जातो तेव्हा त्याच्या आत कुठे किती ताण येतो, हे तेव्हाच्या गणिताने फक्त साध्या गोल दांड्यासाठी सांगता येई. खाचा, कोपरे असलेल्या आकारांचे गणित हाताने सुटत नसे. ग्रिफिथ यांनी जी. आय. टेलर या सहकाऱ्यासोबत एक युक्ती प्रत्यक्षात आणली. दांड्याच्या आडव्या छेदाच्या आकाराचे भोक पत्र्यात पाडायचे, त्यावर साबणाचा पापुद्रा ताणायचा आणि तो किंचित फुगवायचा. पापुद्र्याचा उतार जिथे जास्त तीव्र, तिथे दांड्यातला ताण जास्त. साबणाचा पापुद्रा आणि पिळलेला दांडा यांचे समीकरण एकच आहे, ही कल्पना जर्मन शास्त्रज्ञ प्रांट्ल यांची. तिचे मोजमापाचे साधन केले ते या दोघांनी.

१९१७ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले आणि कामाच्या जागी ग्रिफिथ यांना ‘बबल’ हे टोपणनाव चिकटले. या प्रयोगांत एक गोष्ट वारंवार दिसत होती. आतल्या बाजूला धारदार कोपरा असला की पापुद्रा तिथे एकदम खडा चढतो, म्हणजेच तिथे ताण गोळा होतो.

तडा म्हणजे ताणाचा अड्डा, हे आधी माहीत नव्हते का?

काही अंशी माहीत होते. १९१३ मध्ये इंग्लिस या इंजिनीअरने जहाजांच्या पत्र्यातील भोकांचे गणित मांडले होते. ताणलेल्या पत्र्यात गोल भोक असेल तर त्याच्या कडेला ताण तिप्पट होतो. भोक लांबट आणि टोकदार होत गेले तर तो दहापट, शंभरपटही होऊ शकतो. कापडाचा दुकानदार थानाला कात्रीने छोटी चीर देतो आणि मग कापड हाताने सरळ फाडतो. त्यामागे हेच कारण आहे.

पण इथे एक कोडे होते. इंग्लिस यांच्या सूत्राप्रमाणे टोकदार तडा कितीही लहान असला तरी त्याच्या टोकाशी प्रचंड ताण यायला हवा. मग ओरखडा पडलेली प्रत्येक वस्तू लगेच का तुटत नाही? आणि मोठी भेग लहान भेगेपेक्षा जास्त घातक का ठरते? यंत्रांच्या भागांवरील बारीक ओरखड्यांमुळे ते अकाली तुटत होते, म्हणून हा प्रश्न ग्रिफिथ यांच्या टेबलावर आला.

ग्रिफिथ यांनी काचच का निवडली?

धातू तुटण्याआधी वाकतो, ताणला जातो. त्यामुळे हिशेबात घोळ होतो. काच वाकत नाही, थेट तुटते. शिवाय ती स्वस्त आणि प्रयोगशाळेत वितळवायला सोपी. ग्रिफिथ यांनी काचेच्या नळ्या आणि पोकळ गोळे घेतले, त्यांवर ठरावीक लांबीचे तडे पाडले आणि आतून दाब देऊन ते फोडले. तडा जितका लांब, तितक्या कमी ताणाला काच फुटत होती. आणि हे प्रमाण तड्याच्या लांबीच्या वर्गमुळाशी जुळत होते.

या निष्कर्षाचे कारण त्यांनी ताणाऐवजी ऊर्जेत शोधले. सोप्या भाषेत तो जमा-खर्चाचा हिशेब आहे. तडा पुढे सरकतो तेव्हा दोन नवे पृष्ठभाग तयार होतात आणि त्यासाठी ऊर्जा लागते. हा झाला खर्च. त्याच वेळी तड्याच्या आजूबाजूचा ताणलेला भाग सैलावतो आणि त्यात साठलेली ऊर्जा सुटते. ही झाली जमा. तड्याची लांबी दुप्पट झाली तर खर्च दुप्पट होतो, पण जमा चौपट होते. म्हणजे लहान तड्याला पुढे जाणे परवडत नाही, तो जागच्या जागी राहतो. एका ठरावीक लांबीनंतर मात्र जमा खर्चापेक्षा जास्त होते आणि तडा आपल्याच बळावर धावत सुटतो.

काच विकणारा दुकानदार हिऱ्याच्या टोकाने काचेवर रेघ ओढतो आणि हलक्या हाताने ती मोडतो, तेव्हा तो हाच हिशेब वापरत असतो. ग्रिफिथ यांचा हा निबंध १९२० मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडला गेला आणि १९२१ मध्ये छापून आला. तेव्हा त्यांचे वय २७ होते.

बारीक धागा जास्त मजबूत कसा ठरला?

या निबंधाचा दुसरा भाग आजच्या विमानांसाठी जास्त महत्त्वाचा आहे. अणूंमधील बंधांच्या हिशेबाने काच प्रचंड मजबूत असायला हवी. प्रत्यक्षात साधी काच त्यापेक्षा पन्नास ते शंभर पट कमी ताणाला तुटते. ग्रिफिथ यांचा तर्क असा होता, की काचेत आधीपासूनच डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म तडे असतात आणि तेच तिचा घात करतात.

तर्क तपासण्यासाठी त्यांनी काच वितळवून तिचे धागे ओढले आणि वजन टांगून तोडले. सुमारे १ मिलिमीटर जाडीचा धागा साधारण १७० मेगापास्कल ताणाला तुटला. केसापेक्षाही कितीतरी बारीक, सुमारे ३ मायक्रॉनचा धागा मात्र ३,४०० मेगापास्कलच्या आसपास टिकला, म्हणजे जवळपास २० पट. धागा जितका बारीक, तितका त्यात मोठा तडा मावण्याची शक्यता कमी. नुकताच ओढलेला धागा तर आणखी मजबूत असे आणि काही तासांत त्याचे बळ उतरत असे. ठिसूळ काच बारीक धाग्याच्या रूपात पोलादाला मागे टाकू शकते, ही गोष्ट अशी प्रयोगाने सिद्ध झाली.

याचा पुढचा अर्थ आज उघड वाटतो. असे हजारो धागे एकत्र बांधा, म्हणजे एखादा तुटला तरी बाकीचे भार वाटून घेतील. दोरखंडाचे तत्त्व तेच आहे. पण तेव्हा धागे एकत्र धरून ठेवणारे चांगले रेझिन उपलब्ध नव्हते आणि विमान कारखान्यांना काचेत रसही नव्हता.

मग हे काम अर्ध्यावर का राहिले?

याबाबत एक किस्सा सांगितला जातो. तो पुढे फार्नबरोतच काम केलेले पदार्थशास्त्रज्ञ जे. ई. गॉर्डन यांनी लिहून ठेवला आहे. ग्रिफिथ यांच्या प्रयोगशाळेत एका संध्याकाळी काच वितळवण्याची गॅसची ज्योत बंद करायची राहून गेली आणि आग लागली. चौकशी झाली. वरिष्ठांनी काचेवर वेळ घालवणे थांबवायला सांगितले आणि ग्रिफिथ यांना इंजिनांच्या कामाला लावले.

आग निमित्त ठरली असेल, पण मुळात त्या काळात या संशोधनाला गिऱ्हाईक नव्हते. विमाने लाकडाकडून धातूकडे वळत होती. धातू तुटण्याआधी वाकून इशारा देतो, मग काचेच्या तड्यांचे काय करायचे, असा एकूण सूर होता. तड्यांचे गणित मांडणारा निबंध पुढची कित्येक वर्षे बहुतांश इंजिनीअरांच्या वाचनात आला नाही.

इंजिनांच्या कामात त्यांनी काय केले?

तिथेही ते काळाच्या पुढेच होते. १९२६ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की कंप्रेसर आणि टर्बाइनची पाती ही छोटे पंख समजून घडवली तर त्यांची कार्यक्षमता खूप वाढते. हवा सरळ रेषेत एकामागोमाग एक पात्यांच्या चक्रांतून जाते, असा ‘ॲक्सियल’ कंप्रेसर त्यांनी सुचवला. आजच्या मोठ्या प्रवासी विमानांची जेट इंजिने याच पद्धतीची आहेत.

त्यांच्या आयुष्यातील वादाचा प्रसंगही याच काळातला. फ्रँक व्हिटल हा २२ वर्षांचा हवाई दलातील अधिकारी जेट इंजिनाचा आराखडा घेऊन हवाई मंत्रालयाकडे आला. तपासणीसाठी आराखडा ग्रिफिथ यांच्याकडे गेला. त्यांनी हिशेबातील चूक दाखवली आणि एकूण कल्पना अकार्यक्षम ठरवली. मंत्रालयाने पाठ फिरवली. व्हिटल यांनी जानेवारी १९३० मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, पण १९३५ मध्ये नूतनीकरणाचे पाच पौंड भरता न आल्याने ते पेटंट हातचे गेले. पहिले जेट विमान ऑगस्ट १९३९ मध्ये जर्मनीत उडाले. व्हिटल यांचे इंजिन असलेले ब्रिटिश विमान मे १९४१ मध्ये. ज्या माणसाचे स्वतःचे संशोधन वरिष्ठांनी अडवले होते, त्याच्याच शेऱ्यामुळे दुसऱ्या तरुणाचे काम रखडले, ही ग्रिफिथ यांच्या चरित्रातील अवघड बाजू आहे.

१९३९ मध्ये ते रोल्स-रॉइस कंपनीत गेले आणि १९६० मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. एकट्याने काम करणे त्यांना आवडे. त्यांच्या काही कल्पना कागदावर सुंदर, पण कारखान्यात घडवायला कठीण ठरल्या. मात्र १९४७ मध्ये पहिल्यांदा चाललेल्या एव्हॉन इंजिनाची मूळ मांडणी त्यांची. भारतीय हवाई दलाच्या हंटर आणि कॅनबेरा विमानांत हेच इंजिन होते. सरळ वर उचलले जाणारे, लोखंडी खाटेसारखे दिसणारे ‘फ्लाइंग बेडस्टेड’ हे यंत्र १९५४ मध्ये उडाले, त्यामागेही ग्रिफिथ यांचीच कल्पना होती.

तड्यांकडे जग पुन्हा कधी वळले?

१९५४ हेच ते वर्ष. जगातील पहिले प्रवासी जेट असलेले ब्रिटनचे कॉमेट जानेवारीत भूमध्य समुद्रावर हवेतच फुटले. ३५ जण मृत्युमुखी पडले. एप्रिलमध्ये दुसरे कॉमेट तसेच कोसळले. २१ जणांचा जीव गेला. तपास फार्नबरोतच झाला. विमानाचे अख्खे धड पाण्याच्या टाकीत ठेवून आतला दाब पुन्हा पुन्हा वाढवण्यात आला आणि कमी करण्यात आला. अखेर झरोक्याच्या कोपऱ्यापाशी सुरू झालेल्या तड्याने धड फाटले. ते धातूच्या थकव्याचे प्रकरण होते, ग्रिफिथ यांच्या काचेइतके सरळ नव्हते. तरीही धडा तोच होता. कोपऱ्यात ताण साठतो, छोटा तडा हळूहळू वाढतो आणि ठरावीक लांबी गाठली की थांबत नाही. ज्या संस्थेने तड्यांचे संशोधन तीस वर्षांपूर्वी बाजूला ठेवले होते, तिलाच तड्याचा शोध घ्यावा लागला.

त्याच दशकात अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत जॉर्ज अर्विन यांनी ग्रिफिथ यांचा हिशेब धातूंनाही लागू पडेल असा वाढवला. तडा पुढे सरकताना सुटणाऱ्या ऊर्जेला त्यांनी ‘जी’ हे अक्षर दिले. ते ग्रिफिथ यांच्या नावाचे आद्याक्षर. आज जगभरातील इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांना हे अक्षर शिकवले जाते.

थरांचा पदार्थ नेमका कसा तुटतो?

१३ ऑक्टोबर १९६३ रोजी ग्रिफिथ यांचे निधन झाले. त्याच वर्षी फार्नबरोतील संशोधकांनी अतिशय मजबूत कार्बन फायबर बनवण्याची पद्धत शोधली. बारीक धाग्याच्या बळाचे युग सुरू झाले. पण या पदार्थाची मोडण्याची रीत काचेसारखी नाही आणि धातूसारखीही नाही. ती टप्प्याटप्प्याने उलगडते.

पहिला टप्पा : रेझिनमधील तडे. थर वेगवेगळ्या दिशांना लावलेले असतात. ओढ ज्या दिशेने आहे, तिला आडवे धागे असलेला थर सर्वांत आधी तडकतो. एका दिशेचे धागे असलेला कार्बन-इपॉक्सीचा थर धाग्यांच्या दिशेने ओढला तर दीड हजार मेगापास्कलच्या आसपास सोसतो. आडवा ओढला तर चाळीस-पन्नासच. या टप्प्यात विमान तुटत नाही, पण तड्यांची सुरुवात होते.

दुसरा टप्पा : थर सुटणे. रेझिनमधील तडा शेजारच्या थरापाशी पोहोचतो. पुढचे चिवट धागे त्याला वाट देत नाहीत, म्हणून तो आडवा वळतो आणि दोन थरांच्या मधून सरकतो. याला डीलॅमिनेशन म्हणतात. पावसात भिजलेल्या प्लायवूडचे पापुद्रे कडेने सुटतात, तसेच हे. थरांच्या मध्ये धागे नसतात, फक्त रेझिन असते. त्यामुळे ही सगळ्यात कच्ची बाजू. हे सुटणे किती ऊर्जेला सुरू होते, ते मोजण्यासाठी पट्टीचे दोन थर टोकाकडून ओढून सोलले जातात आणि जो आकडा येतो तो ‘जी’ याच नावाने नोंदवला जातो.

तिसरा टप्पा : धागे तुटणे किंवा वाकणे. ओढ असेल तर धागे एकेक करून तुटतात आणि रेझिनमधून उपसले जातात. दाब असेल तर सुटलेले पातळ थर बाहेर फुगतात आणि धागे मुडपतात. एकमेकांना चिकटलेल्या पानांचे जाड पुस्तक ताठ उभे राहते, सुटे पान लगेच वाकते. म्हणूनच सुटलेल्या थरांचा पदार्थ दाबाखाली जास्त धोकादायक ठरतो.

गंमत अशी, की हा कच्चेपणाच काही वेळा बळ ठरतो. धागा आणि रेझिन यांची पकड थोडी सैल असेल तर सरळ येणारा तडा त्या सांध्यावर आडवा फुटतो आणि त्याची धार जाते. १९६४ मध्ये कुक आणि गॉर्डन यांनी हे गणिताने दाखवले. काचेच्या ग्लासातून तडा आरपार जातो. काचेच्या धाग्यांच्या पंखात त्याला पावलोपावली वळसा घ्यावा लागतो.

रोल्स-रॉइसला याचा फटका कसा बसला?

ग्रिफिथ यांनी २१ वर्षे जिथे काढली, त्याच कंपनीने १९६० च्या दशकाच्या अखेरीस आरबी-२११ इंजिनाच्या पुढच्या मोठ्या पात्यांसाठी कार्बन फायबरचा ‘हायफिल’ पदार्थ निवडला. वजन बरेच वाचणार होते. पण १९७० मध्ये पक्ष्याच्या धडकेच्या चाचणीत ही पाती टिकली नाहीत. पाते लांबीच्या दिशेने कितीही मजबूत असले तरी धडक बाजूने बसते आणि थरांमधील कच्ची जागा उघडी पडते. शेवटी टायटॅनियमची पाती घ्यावी लागली. इंजिनाचा वाढलेला खर्च आणि इतर अडचणी मिळून ४ फेब्रुवारी १९७१ रोजी रोल्स-रॉइस दिवाळखोरीत गेली आणि सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली. दोष एकट्या पात्यांचा नव्हता, पण धडा महाग पडला. पुढे १९९५ मध्ये सेवेत आलेल्या जीई-९० इंजिनात कार्बन फायबरची पाती यशस्वी झाली. त्यांच्या पुढच्या कडेला टायटॅनियमची पट्टी बसवली आहे.

गोंदियाच्या संदर्भात हे का महत्त्वाचे?

पत्र्याच्या विमानाला धक्का बसला तर पोचा पडतो आणि तो दिसतो. कॉम्पोझिटचा पृष्ठभाग मात्र धक्क्यानंतर परत जागेवर येतो. रंगावर खूणही राहत नाही आणि आत थर सुटलेले असू शकतात. हातातून निसटलेला पाना, धावपट्टीवरून उडालेला खडा, आदळून झालेले लँडिंग किंवा तलावांच्या या जिल्ह्यात भरपूर असलेला एखादा पक्षी, यांपैकी काहीही निमित्त होऊ शकते. म्हणून अशा घटनांची नोंद ठेवणे आणि मेकॅनिकला सांगणे हा शिस्तीचा भाग असतो.

तपासणीची सर्वांत साधी पद्धत माठ विकत घेताना घरोघरी वापरतात तीच आहे, म्हणजे ठोकून आवाज ऐकणे. नाण्याने किंवा छोट्या हातोडीने ठोकले की घट्ट थरांचा आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या थरांचा बद्द. शंका आली की अल्ट्रासाउंडने आतले थर पाहिले जातात. उष्णता आणि दमट हवा हेही शत्रू आहेत. रेझिन ओलावा शोषते आणि तापले की मऊ पडते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या गोंदियात उन्हात उभे असलेले विमान हवेपेक्षाही जास्त तापते. अशा विमानांचा रंग पांढरा असतो तो शोभेसाठी नाही, ऊन परतवण्यासाठी.

हा विषय विदर्भात फक्त बिरसीपुरता उरलेला नाही. नागपूरच्या मिहानमध्ये टाटा समूहाच्या कारखान्यात बोइंग ७८७ साठी कॉम्पोझिटच्या फ्लोअर बीम तयार झाल्या आहेत. या विमानाच्या वजनात साधारण निम्मा वाटा कॉम्पोझिटचा आहे. हे पदार्थ घडवणारे, तपासणारे आणि दुरुस्त करणारे हात लागणार आहेत आणि ते इथल्याच आयटीआय-पॉलिटेक्निकमधून तयार होऊ शकतात.

या गोष्टीचा अर्थ काय?

जून २०२३ मध्ये टायटॅनिकचे अवशेष पाहायला निघालेली ‘टायटन’ पाणबुडी खोल समुद्रात चिरडली गेली आणि पाच जणांचा अंत झाला. तिचे धड कार्बन फायबरच्या थरांचे होते. आदल्या वर्षीच्या एका फेरीत मोठा आवाज झाला होता आणि त्यानंतर सेन्सरच्या नोंदी बदलल्या होत्या, हे चौकशीत पुढे आले. पदार्थाने इशारा दिला होता. तो गांभीर्याने घेतला गेला नाही.

ग्रिफिथ यांचे म्हणणे एका ओळीत सांगायचे तर असे, की तडा नसलेली वस्तू जगात नाही; प्रश्न फक्त तो किती मोठा आहे आणि त्याला पुढे जाणे परवडते का, एवढाच आहे. म्हणूनच आजचे विमान तडा येणारच नाही या विश्वासावर उडत नाही. तडा आला तरी पुढच्या तपासणीपर्यंत तो घातक लांबी गाठणार नाही, या हिशेबावर ते उडते. हिशेब शंभर वर्षांपूर्वी काचेच्या नळ्या फोडून मांडला गेला. तो खरा ठरतो की नाही, हे मात्र दर वेळी तपासणीला बसलेल्या माणसाच्या कानावर, डोळ्यांवर आणि त्याने वहीत केलेल्या प्रामाणिक नोंदीवर अवलंबून असते.